बाप्तिस्म्याच्या आधी, बाप्तिस्म्याच्या नंतर

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना एका शब्दापाशी थांबावे लागते. तो शब्द 'बाप्तिस्मा'. जुन्नर-आंबेगावच्या टापूतून येणारा आमचा विद्यार्थी बहुधा वारकरी घरातला असतो. माळ घालणे, अनुग्रह घेणे, गुरूने कानात मंत्र सांगणे या गोष्टी त्याला पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. 'बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी' एवढा तळटीपेतला अर्थ परीक्षेपुरता त्याला पुरतो. पुस्तकाला मात्र तो पुरत नाही. नारायण वामन टिळकांच्या हाती 1893 साली आगगाडीच्या प्रवासात नवा करार आला, मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना बांधून घेतले आणि बाप्तिस्मा झाला तो 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत. मधल्या काळात ते कोण होते? लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला 1900 साली, पण सोवळ्याओवळ्याचा पीळ त्यांच्या मनातून त्याआधीच सुटला होता. मग त्या ख्रिस्ती कधी झाल्या?

हे प्रश्न चरित्रातील तारखांचे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी ख्रिस्ती शास्त्रातला एक जुना वाद आहे. विश्वास, बाप्तिस्मा आणि तारण या तिघांचा क्रम काय, आणि त्यांतल्या एकावाचून दुसरे संभवते का, हा तो वाद. युरोपात त्याने पंथ फोडले. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात त्याने घरे फोडली, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, त्यातून मराठी आत्मचरित्राचा एक मोठा प्रवाह निघाला.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. नव्या कराराला एकच एक उत्तर द्यायचे नाही, असे तो वाचताना वाटत राहते. मार्काच्या शेवटच्या अध्यायातील सोळावे वचन नेहमी पुढे केले जाते. विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचे तारण होईल आणि विश्वास न धरणारा दोषी ठरेल, असा त्याचा आशय. वचनाच्या पहिल्या अर्ध्यात बाप्तिस्मा आहे, दुसऱ्या अर्ध्यात नाही. दंड अविश्वासाला सांगितला आहे. पाणी न घेण्याला सांगितलेला नाही. शिवाय ही शेवटची बारा वचने चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. 1881 साली नव्या कराराची सुधारलेली इंग्रजी आवृत्ती निघाली तेव्हा तशी सूचना समासात छापली गेली. म्हणजे पंडिता रमाबाई इंग्लंडला पोचण्याच्या दोनच वर्षे आधी हे प्रकरण सामान्य इंग्रज वाचकाच्या हाती आले होते.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तर क्रम दर वेळी बदलतो. दुसऱ्या अध्यायात पेत्र जमावाला सांगतो की पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, मग पवित्र आत्म्याचे दान मिळेल. दहाव्या अध्यायात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी सारे उलटे घडते: पेत्राचे बोलणे संपायच्या आतच आत्मा उतरतो, आणि आता यांना पाणी नाकारायचे कसे, असा प्रश्न पेत्रालाच पडतो. आठव्या अध्यायातला कूशी देशाचा षंढ अधिकारी रथातून जाताना रस्त्याकडेचे पाणी पाहून विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला आता अडचण कोणती? सोळाव्यात फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी भूकंपानंतर थरथरत विचारतो, तारणासाठी काय करू? त्याला उत्तर मिळते ते विश्वासाचे. पण त्याच रात्री तो कैद्यांच्या जखमा धुतो आणि घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो. दोन्ही धुणी एकाच घटकेची. आणि लूकच्या शुभवर्तमानातला वधस्तंभावरचा चोर? त्याला ना पाणी, ना मंडळी, ना पुढचे आयुष्य. त्याच दिवशी सुखलोकात असशील, एवढे आश्वासन त्याला मिळते, आणि पंथोपपंथांतील प्रत्येक वादात हा बिचारा चोर साक्षीला उभा केला जातो.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्म्याला मरणाची आणि पुरले जाण्याची उपमा दिली. करिंथकरांस लिहिताना मात्र तोच पौल, आपल्याला बाप्तिस्मा करायला धाडलेले नाही, शुभवर्तमान सांगायला धाडले आहे, असे काहीशा वैतागाने सांगतो. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेमाला सांगितलेला पाण्याचा व आत्म्याचा जन्म एकीकडे आणि इफिसकरांस पत्रातले कृपेने व विश्वासाने झालेले तारण दुसरीकडे. यांतून प्रत्येक पंथाने आपला धागा ओढला. रोमन कॅथलिक परंपरेने बाप्तिस्मा तारणाला आवश्यक मानला, पण पाणी मिळण्याआधीच मेलेल्या श्रद्धाळूसाठी 'इच्छेचा बाप्तिस्मा' ही सोयही ठेवली. बाप्टिस्टांनी समजत्या वयाचा विश्वास आधी मागितला. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी बाप्तिस्मा ही कराराची खूण आणि शिक्का मानली. इंग्लंडच्या चर्चमध्ये तर बाप्तिस्म्याने माणसाचा पुनर्जन्म आपोआप होतो की नाही हा वाद गोरम नावाच्या पाद्र्याच्या खटल्यातून थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1850 साली निकालात निघाला. ताई महाराज प्रकरणामुळे मराठी वाचकाला प्रिव्ही कौन्सिल हे दत्तकविधानाचे दरबार म्हणून ठाऊक. देवाने केलेल्या दत्तकविधानाचाही खटला तिथे चालला होता, हे थोडे गमतीचे आहे.

आता शब्दांकडे वळू, कारण साहित्याच्या अभ्यासकाचा अधिकार तिथे सुरू होतो. ग्रीक मुळात 'बाप्तिझो' म्हणजे बुडवणे, बुचकळणे. भाषांतरात तो शब्द तसाच ठेवावा की त्याचा अर्थ द्यावा, यावरून 1830 च्या दशकात बंगाली बायबलच्या निमित्ताने मोठे भांडण झाले. 'बुडवणे' असा अर्थ दिला की शिंपडणारे पंथ नाराज. मराठीत प्रॉटेस्टंटांनी 'बाप्तिस्मा' हे ध्वनिरूप राखले. त्यामुळे भांडण टळले, पण शब्द परका राहिला. वसईकडच्या कॅथलिकांत 'स्नानसंस्कार' हा शब्द रुळला, आणि तो मराठी कानाला लगेच कळतो. कदाचित नको इतका कळतो, कारण रोजच्या स्नानाची आणि सोळा संस्कारांची सावली त्यावर पडते. 'सॅल्व्हेशन'साठी मात्र प्रॉटेस्टंट मराठीने 'तारण' हा फार नेमका शब्द उचलला. तरणे, तारणे, तारू, भवसागर हे सारे संतवाङ्मयाच्या पाण्यातून आलेले. 'मोक्ष' म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आठवते. 'तारण' म्हटले की बुडणारा आणि काढणारा असे दोघे डोळ्यांपुढे येतात. बाप्तिस्मा बुडवतो आणि तारण वर काढते, हा योगायोग मराठीत जितका स्वच्छ दिसतो तितका इंग्रजीत दिसत नाही. ('तारण' म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू, हा सावकारी अर्थही आपल्या भाषेत आहे. किमतीने सोडवून घेण्याच्या ख्रिस्ती कल्पनेशी तो अगदीच विसंगत नाही.)

याही आधी, 1616 साली, गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ कसा जन्मला याची हकीकत त्याच्या आरंभीच आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीबाबाला सांगतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काही द्या. या मागणीत मला आपल्या विषयाचे बीज दिसते. पाणी आधी पडले होते, कथा नंतर मागितली गेली. साष्टीतल्या त्या लोकांचा बाप्तिस्मा राजसत्तेच्या छायेत झाला होता. विश्वासाला लागणारी भाषा नंतर घडवावी लागली, आणि ती घडवताना स्टीफन्सने स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायलाही मागेपुढे पाहिले नाही.

ब्रिटिश अमदानीतल्या मुंबईत आणि दख्खनेत क्रम नेमका उलटला. कथा आधी आली, छापील पुस्तकांतून, शाळांतून, वादविवादांतून. पाणी पुष्कळ नंतर. आणि दोहोंच्या मधल्या काळात समाजाने आपला स्वतःचा निकष लावला, जो पाण्यापेक्षा अन्नाचा होता.

1839 साली मुंबईत जॉन विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. पण माझ्या मते जास्त बोलके प्रकरण आहे 1843 चे, शेषाद्री बंधूंचे. थोरल्या नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा. तो मिशनऱ्यांकडे राहिला, त्यांच्यात जेवला, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. ख्रिस्ती शास्त्राच्या दृष्टीने तो अजून उंबऱ्याबाहेर होता. ब्राह्मण समाजाच्या दृष्टीने मात्र तो पतित झाला होता, कारण अन्नव्यवहार घडला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्यात रण माजले. परत घेण्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांत बाळशास्त्री जांभेकर होते, आणि त्यासाठी त्यांना मोठा रोष सोसावा लागला. एक मुलगा एकाच वेळी एका धर्माच्या लेखी आत आलेला नाही आणि दुसऱ्याच्या लेखी बाहेर पडलेला आहे, अशा त्या मधल्या जागेत उभा. पुढची पन्नास वर्षे मराठी धर्मांतरितांची चरित्रे याच जागेत लिहिली गेली.

ही अन्नाची कसोटी सुधारकांनीही मानली होती, फक्त उलट अंगाने. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांच्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्त्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. सभा गुप्त होती. रात्री पाव खायचा आणि सकाळी सोवळे नेसून देवपूजेला बसायचे, यात त्यांना विसंगती वाटली असेल नसेल. पण तो पाव हा त्यांचा बाप्तिस्मा होता, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. मात्र चारचौघांत घेतला जात नाही तो बाप्तिस्मा कसला, असा आक्षेप कोणी ख्रिस्ती शास्त्री घेईल.

नेमका हाच आक्षेप बाबा पदमनजींनी स्वतःवर घेतला. बेळगावात 1831 साली कासार कुटुंबात जन्मलेले बाबा परमहंस सभेत होते. ख्रिस्तावर आपला विश्वास बसला आहे हे त्यांना पुष्कळ आधी कळले होते. बाप्तिस्मा झाला 3 सप्टेंबर 1854 रोजी, बेळगावात. 'अरुणोदय' या 1888 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात जीव आहे तो या दिरंगाईत. मनाने गेलेला आणि देहाने राहिलेला माणूस घरात कसा वावरतो, आईबापांच्या तोंडाकडे पाहताना त्याला काय होते, हे त्यात मनापासून सांगितले आहे. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला होता. तेव्हा मालमत्ता जाईल ही भीती कागदावर तरी उरली नव्हती. भीती होती माणसे जातील ही. पुस्तकाचे नावही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. अरुणोदय म्हणजे सूर्य उगवण्याआधीचा उजेड. बाप्तिस्म्याला त्यांनी सूर्योदय मानले की नाही हे वाचकाने ठरवावे, पण लेखणी रमली ती त्या आधीच्या तांबूस वेळेत. त्यांच्या 'यमुनापर्यटन' (1857) या कादंबरीची नायिकाही मनाने ख्रिस्ती आणि रूढीने हिंदू अशा अवस्थेतच विधवांची दुःखे पाहत फिरते. मराठीतल्या पहिल्या सामाजिक कादंबरीच्या केंद्रस्थानी बाप्तिस्मा न झालेली विश्वासिणी आहे, या गोष्टीकडे आपल्या कादंबरी-समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

या सर्वांत गुंतागुंतीचे आणि म्हणून सर्वांत मोलाचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1883 च्या उन्हाळ्यात त्या इंग्लंडला पोचल्या ते वैद्यकीय शिक्षणाचा हेतू धरून, आणि धर्म बदलणार नाही असे निक्षून सांगून. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींकडे त्या राहिल्या. सोबतीण आनंदीबाई भगत हिने तिथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच काळात, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी आपल्या चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली.

बाप्तिस्म्याआधी त्यांना काय हलवून गेले हे त्यांनी 1907 च्या साक्षीपर लेखनात सांगितले आहे. लंडनमध्ये फुलम येथे भगिनींनी चालवलेले, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीचे घर त्यांनी पाहिले. यांच्याशी इतक्या मायेने का वागता, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची गोष्ट, वाचून दाखवण्यात आली. ही गोष्ट विहिरीवरची आहे. यहूदी पुरुष शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. तिला आश्चर्य वाटते, कारण त्यांच्यात पाण्याचा व्यवहार नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या पाणवठ्यावर या प्रसंगाला टीपेची गरज लागली नसती. शास्त्रार्थात मुरलेल्या या विदुषीला त्रैक्याच्या सिद्धान्ताने जिंकले नाही. तिला जिंकले ते एका पाणवठ्याने. बुद्धीच्या बाजूने नीलकंठशास्त्री गोरे यांच्याशी झालेल्या चर्चेचा आणि पत्रांचा वाटा होता, हेही त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले आहे.

पण बाप्तिस्म्याने प्रश्न सुटला नाही. खरे तर तिथून तो सुरू झाला. वाँटेजच्या भगिनी इंग्लंडच्या चर्चमधल्या कॅथलिक वळणाच्या. त्यांच्या लेखी बाप्तिस्मा म्हणजे चर्चच्या शिकवणीचा समग्र स्वीकार आणि आज्ञाधारकपणा. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना, 1884 ते 1886 या काळात, सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाला आहे. धर्मशास्त्रीय वादाचे इतके जिवंत दुसरे साधन एकोणिसाव्या शतकातल्या कोणा भारतीय स्त्रीचे माझ्या पाहण्यात नाही. रमाबाई त्रैक्यावर शंका घेतात. ख्रिस्ताच्या कुमारीगर्भजन्मावर शंका घेतात. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे विचारतात. अंडेमांस खात नाहीत, आणि तो जातीचा अभिमान ठरवला गेला की उसळतात. पत्रांतला त्यांचा मुख्य मुद्दा असा: आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आलो आहोत, पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द प्रमाण मानायला बांधील नाही, भारतीय पुरोहितांचे जू आत्ताच कष्टाने उतरवले, ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे. सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व वाटला. आजच्या वाचकाला तसे वाटणार नाही. तरी जेराल्डिन यांच्या बाजूनेही एक शब्द टाकायला हवा. संस्काराने माणूस बदलतो अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना बाप्तिस्मा घेऊन प्रश्न विचारत राहणारी शिष्या हा श्रद्धेलाच धक्का होता, आणि तो त्यांनी प्रेम न सोडता सोसला.

पुढची कलाटणी अधिक विलक्षण. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, 1890 मध्ये ते पुण्यात आले. याच सुमारास रमाबाईंच्या वाचनात हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन आले. हा गृहस्थ दीक्षित पाद्री. चर्चमध्ये उपदेश करताना स्वतःच्याच उपदेशाने त्याचे हृदयपरिवर्तन झाले, अशी त्याची कहाणी. ते वाचून रमाबाईंना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती, असे त्यांनीच पुढे लिहिले. कर्नेल्याच्या घरी आत्मा आधी आणि पाणी मागून. इथे पाणी आधी आणि मधे आठ वर्षांचे अंतर. वाँटेजच्या शिकवणीला हा सरळ नकार होता, आणि तरी त्यांनी वाँटेजचा बाप्तिस्मा फोल म्हटला नाही.

याचा परिणाम सदनातल्या वातावरणावर झाल्याशिवाय राहिला नाही. 1893 मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले. आक्षेप धर्मांतराचा होता. पण बारकाईने पाहिले तर 1883 च्या बाप्तिस्म्यानंतरही हे सुधारक रमाबाईंबरोबर काम करू शकले होते. त्यांना अवघड गेले ते त्या नंतरच्या, पाणी न लागलेल्या परिवर्तनाने. संस्कार सोसता आला, उत्कटता सोसली नाही. हा निष्कर्ष कोणाला एकांगी वाटेल. रानड्यांच्या अडचणी अर्थातच निव्वळ धार्मिक नव्हत्या, पालकांना दिलेल्या शब्दाचाही प्रश्न होता.

त्यानंतरचे मुक्ती मिशन आपल्याच जिल्ह्यात, दौंडजवळच्या केडगावला. 'मुक्ती' हे नाव लक्षात घ्या. तिथे 'तारण' हा मिशनरी मराठीतला शब्द आला नाही. दुष्काळात आणलेल्या मुलींना भाकरी, अक्षरे, छापखान्याचे काम आणि प्रार्थना या सगळ्यांसाठी तो एकच शब्द पुरला. 1905 च्या जूनमध्ये तिथे आध्यात्मिक जागृतीची लाट आली आणि बाप्तिस्मा हा शब्द आणखी एक अर्थ घेऊन आला: पवित्र आत्म्याचा आणि अग्नीचा बाप्तिस्मा. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी 1906 मध्ये त्या विषयावर पुस्तिका लिहिली, आणि ती जगभरच्या पेंटेकोस्टल इतिहासात आज मोजली जाते. स्वतः रमाबाई अखेरची वर्षे हिब्रू-ग्रीक मुळावरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्यात घालवत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून निघाले.

टिळकांकडे परत येऊ. त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाईंना आधी कल्पना नव्हती. त्यानंतरचा काही काळ त्यांनी पंढरपुरात नातेवाइकांकडे काढला. 1866 च्या कायद्याने धर्मांतरित नवऱ्याला, बायको नांदायला येत नसेल तर, विवाह मोडून घेण्याची वाट मोकळी होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. 'स्मृतिचित्रे'तला तो भाग विनोदाने भरला आहे आणि त्या विनोदाखाली केवढा ताण आहे हे दुसऱ्या वाचनात कळते. जात कशी गळाली हे त्या सांगतात ते महाबळेश्वरच्या मुक्कामाच्या संदर्भात: देवाने केल्या त्या जाती दोनच, स्त्री आणि पुरुष, बाकीच्या माणसाच्या, असा विचार मनात आला आणि कोणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. हा त्यांचा अरुणोदय. बाप्तिस्म्याचा प्रसंग पुस्तकात त्यामानाने थोडक्यात उरकला आहे. लेखिकेने स्वतःच्या आयुष्यातले वजन कुठे ठेवले, हे पाने मोजूनही कळते.

टिळकांच्या मनात पाण्याचा प्रश्न शेवटपर्यंत जागा होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हे वाक्य बहुतेक ठिकाणी सौजन्याचे वाक्य म्हणून उद्धृत होते. ते शास्त्रार्थाचे आहे असे मला वाटते. तुकोबांच्या परमार्थातल्या दीक्षेचे स्वरूप आठवून पाहा. त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य, ज्यांची समाधी आमच्या जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे, त्यांनी स्वप्नात भेटून अनुग्रह दिला. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट, मस्तकावर हात, मंत्र, एवढेच. स्नान घडण्याच्या आधीच कृपा झाली. ना मठ, ना होम, ना साक्षीदार. ओतूरच्या यात्रेला जाणाऱ्या कोणाला हे सांगितले तर तो त्यात नवल मानणार नाही. अशा पुलावरून आलेला माणूस पलीकडे गेल्यावर केवळ पाण्याला तारणाचा दरवाजा मानील, हे संभवनीय नव्हते. पण म्हणून त्यांनी बाप्तिस्मा टाकूनही दिला नाही. पूल ओलांडला हे जगाला दिसले पाहिजे, ही निष्ठा त्यांनी किंमत देऊन पाळली होती.

1917 साली मिशनची नोकरी सोडून टिळक संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला राहिले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यावेत, हे त्याचे मुख्य सूत्र. मंडळीतल्या पुष्कळांना ते रुचले नाही, आणि त्यांचीही बाजू समजण्यासारखी आहे. ज्यांनी बाप्तिस्म्यापायी घर, गाव, पाणवठा गमावला त्यांना, पाण्यावाचूनही शिष्य होता येते, हे ऐकून काय वाटले असेल? विशेषतः नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांत ख्रिस्ती झालेल्यांना. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा ही आतल्या शंकांची परिसीमा नव्हती. ते कुटुंबाने, आळीने मिळून उचललेले पाऊल होते, तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्यांसारखे. आपण ज्यांची आत्मचरित्रे वाचतो ते बहुतेक उच्चवर्णीय, एकटे, लिहिते लोक. विश्वास आणि पाणी यांमधले लांबलचक अंतर हे त्यांच्या एकटेपणाचेही अंतर आहे. वस्तीवरच्या ख्रिस्त्यांना ते अंतर परवडणारे नव्हते, आणि त्यांची 'अरुणोदय' कोणी लिहून ठेवली नाही. हा वाङ्मयीन पुराव्याचा कल ध्यानात न घेता मराठी ख्रिस्ती साहित्यावर विधाने करणे धोक्याचे आहे.

दरबार फार काळ चालला नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. आपल्या देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा पाळली गेली. 1909 साली हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शालेय शिक्षण न झालेल्या, पंढरपुरात रडत बसलेल्या त्याच लक्ष्मीबाईंनी. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या, आणि पुत्र देवदत्त यांनी 1938 साली ते महाकाव्य प्रसिद्ध केले. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग 1934 ते 1937 या काळात निघाले. हा ग्रंथ आणि 'ख्रिस्तायन' शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनी करून पाहावा: ख्रिस्तचरित्र ओवीत सांगणारी आणि स्वतःचे चरित्र घरगुती गद्यात सांगणारी लेखणी एकच आहे, आणि सोवळ्याच्या गोष्टी दुसरीत जितक्या आहेत तितका पाण्याचा महिमा पहिलीत आहे का, हे तपासण्यासारखे आहे.